सामना कधी ठेवला की मैदान भरतं? सोलापूरच्या फुटबॉलप्रेमींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही. तरी संध्याकाळी खेळून झालं की चहाच्या गाड्यावर, नाहीतर रात्री टीव्हीसमोर, कुणीतरी हमखास विचारतं : एवढा मोठा संघ, घरचं मैदान, आणि स्टँड अर्धा रिकामा कसा? गेल्या काही वर्षांत असे प्रश्न तोंडी, फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर येतच राहिले. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळे इथं एका जागी आणले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल, तिथं त्याचा क्रमांक दिला आहे.

१. संघ चांगला असला की लोक येतातच. मग वेळापत्रकाचा एवढा बाऊ कशाला?

संघ, समोरचा प्रतिस्पर्धी, गुणतक्त्यातली जागा, तिकिटाचा दर, पाऊस, या सगळ्याचा परिणाम होतोच. पण यातलं बरंचसं आयोजकाच्या हातात नसतं. वार आणि वेळ मात्र असते, आणि ती ठरवायला पैसेही लागत नाहीत.

जर्मनीतलं बोरुसिया डॉर्टमुंडचं मैदान बघा. तिथं ८१ हजारांच्या वर माणूस मावतं आणि लीगच्या सामन्यांना ते जवळपास भरलेलंच असतं. २६ फेब्रुवारी २०१८ ला आउग्सबुर्गविरुद्धचा सामना सोमवारी रात्री ठेवला, तर आले ५४ हजारांच्या आसपास. संघ तोच, मैदान तेच. सोमवारच्या सामन्यांचा निषेध म्हणून अनेकांनी ठरवून पाठ फिरवली होती, त्यामुळे सगळी घट निव्वळ गैरसोयीच्या खात्यात टाकता येणार नाही. पण लोकांनी निषेधावर यावं इतकी ती गैरसोय मोठी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मन लीगनं जाहीर केलं, की २०२१-२२ पासून सोमवारचे सामने बंद होतील.

२. जास्त लोक कधी येतात, शनिवारी की रविवारी?

आठवड्याच्या मधल्या वारांपेक्षा दोन्ही बरे. त्या दोघांत कुठला, हे त्या गावाची सुट्टी कधी असते त्यावर ठरतं.

इंग्लंडमध्ये शनिवार दुपार ठरली ती कापडगिरण्यांमुळे, आणि ही गोष्ट सोलापूरकराला लगेच समजेल. १८५० च्या फॅक्टरी कायद्यानं गिरण्यांतल्या स्त्रियांचं आणि कोवळ्या वयाच्या कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. ते हात थांबले की गिरणीही थांबायची. मग घरी जायचं, चार घास खायचे आणि तीनला मैदानावर. शनिवारी दुपारी तीनचा सामना ही इंग्लंडची परंपरा म्हणून आपण ऐकतो. तिचं मूळ असं भोंग्यात आहे. जुन्या मिलच्या भोंग्यावर ज्यांच्या आजोबांचा दिवस चालला, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्याकडे अनेकांना शनिवारी कामावर जावं लागतं, म्हणून रविवार वरचढ. इंडियन सुपर लीग या देशातल्या वरच्या फुटबॉल स्पर्धेनंही २०२२-२३ पासून बहुतेक सामने गुरुवार ते रविवार या चार दिवसांत आणले. त्याआधी मंगळवार-बुधवारीही सामने असायचे.

३. भारतात सामने रात्री साडेसातला का ठेवतात? दुपारी तीनला का नाही?

ऊन आणि टीव्ही, ही दोन कारणं. मार्चअखेर सोलापुरात दुपारी तीनला उघड्या स्टँडवर बसून बघा, दुसरं कारण विचारायची गरज उरणार नाही. एप्रिल-मेमध्ये तर आपला पारा ४० च्या पुढेच असतो. उन्हामुळेच कतारचा २०२२ चा विश्वचषक जून-जुलैऐवजी २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर असा हलवावा लागला.

रात्रीचा सामना ही तशी अलीकडची सोय. इंग्लंडच्या लीगमधला प्रकाशझोतातला पहिला सामना २२ फेब्रुवारी १९५६ ला पोर्ट्समथमध्ये झाला. त्याआधी हिवाळ्यात मधल्या वारी सामना आला तर तो दुपारीच उरकावा लागे, आणि कामावरचा माणूस येणार कुठून? दिवे आले आणि नोकरदारांना बुधवारी रात्रीही सामना बघता येऊ लागला. तेव्हा रात्रीची वेळ मुळातच वाईट असं आम्ही म्हणत नाही. अडचण कुठं येते ते प्रश्न ४ मध्ये.

४. आम्ही सोलापूरहून सामना बघायला जातो. रात्रीचा असला की निम्मे जण गळतात. असं सगळीकडेच होतं का?

होतं. आमच्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथंच आहे. सामना किती वाजता सुरू होतो याकडे आयोजकाचं लक्ष असतं. घरातून निघणारा माणूस मात्र आधी बघतो, की सामना संपल्यावर परत कसं यायचं.

२०१४ ते २०१९ या काळात इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी हा संघ बालेवाडीत खेळायचा. सोलापूर-पुणे अंतर अडीचशे किलोमीटर. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं जाणं अगदी सोपं. पण तीच हुतात्मा संध्याकाळी सहाच्या सुमारास पुण्यातून परत निघते. सामना सुरू व्हायच्या आधीच परतीची गाडी गेलेली! मग मध्यरात्रीनंतर पुण्यात येणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस, नाहीतर स्वारगेटहून एसटी. आम्ही पाच जण असेच एकदा गेलो होतो. पहाटे सोलापुरात उतरलो आणि दोघं तसेच कामावर गेले. त्या दोघांनी पुन्हा कधी रात्रीच्या सामन्याचं नाव काढलं नाही. संध्याकाळी साडेपाचचा सामना असता तर ते नक्की आले असते.

आता पुण्यात तो संघ नाही, म्हणून आपली मंडळी अंधेरीला मुंबई सिटीचे सामने बघायला जातात. हिशेब बघा. साडेसातचा सामना, मध्यंतर आणि भरपाईची मिनिटं धरून सव्वानऊच्या पुढे संपतो. सिद्धेश्वर सीएसएमटीहून साडेदहा-पावणेअकराच्या दरम्यान सुटते. स्टेडियममधून अंधेरी स्टेशन, तिथून लोकल, आणि दादरला धावतपळत सिद्धेश्वर. जमतं, पण शेवटची दहा मिनिटं सोडून उठणारे नेहमी हेच लोक असतात. सामना अर्धा तास उशिरा ठेवला तर त्यांचं येणंच रद्द होतं.

मोठ्या देशांतही हेच घडतं. १६ एप्रिल २०२२ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा उपांत्य सामना होता, लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर सिटी. दोन्ही संघ उत्तरेकडचे. आणि नेमकं ईस्टरच्या सुट्टीत रेल्वेच्या कामामुळे त्या दोन्ही शहरांतून लंडनला थेट गाडी नव्हती. शेवटी फुटबॉल संघटनेला १०० मोफत बसगाड्या सोडाव्या लागल्या. वेळापत्रक ठरवताना समोर रेल्वेचं वेळापत्रक ठेवलं असतं, तर ही धावपळ टळली असती.

यातून एक गोष्ट लक्षात येते. चुकीच्या वेळेचा फटका आधी लांबून येणाऱ्याला बसतो, मग लहान मुलं घेऊन येणाऱ्याला, मग बायकांना, आणि सगळ्यात शेवटी मैदानाशेजारी राहणाऱ्या तरुण मुलांना. म्हणून नुसता आकडा बघून भागत नाही. दहा हजारांतले कोणते दोन हजार कमी झाले, हे बघावं लागतं.

५. मग वेळा ठरवतं कोण? क्लबला आपलं मैदान भरलेलं नको असतं का?

क्लबला हवंच असतं. पण मोठ्या लीगमध्ये अंतिम शब्द प्रक्षेपण हक्क विकत घेणाऱ्यांचा असतो, कारण तिकिटांपेक्षा मोठी रक्कम तिकडून येते. शिवाय पोलीस (प्रश्न ८), युरोपीय स्पर्धा आणि मैदानाची उपलब्धता. गुरुवारी युरोपा लीग खेळून आलेल्या संघाचा लीगचा सामना रविवारीच ठेवावा लागतो, तिथं शनिवारचा विचारही होत नाही.

यात आपणही आहोत. २३ डिसेंबर २०१७ ला माद्रिदमधला रिअल-बार्सिलोना सामना तिथल्या दुपारी एकला ठेवला होता. म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला. स्पेनमध्ये ती जेवायची वेळही नाही, त्याआधीची. पण आशियात लोक टीव्हीसमोर बसू शकतील अशी ती वेळ होती. आपल्याला रात्री जागावं लागलं नाही याचा आनंद आम्हालाही झाला. पण त्या आनंदासाठी माद्रिदमधल्या कुणाला तरी शनिवारची दुपार मोडावी लागली, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

६. सामना टीव्हीवर दाखवला की मैदानावरची गर्दी कमी होते का?

थोडी होते. मात्र जो सामना दाखवला जातो त्याच्यापेक्षा त्याच वेळी दुसरीकडे चाललेल्या छोट्या सामन्याला जास्त झळ बसते. इंग्लंडमधल्या बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड १९६० च्या दशकात हेच म्हणत होते : मोठे सामने शनिवारी दुपारी घरात दिसू लागले, तर खालच्या विभागांतले क्लब उपाशी मरतील. त्यातून आलेला नियम आजही लागू आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉल थेट दाखवत नाहीत. गंमत म्हणजे तीनचे ते सामने सोलापुरात दिसतात. उन्हाळ्यात आपल्या साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला. ज्या गावात सामना चाललाय तिथंच तो घरी बसून बघता येत नाही.

डेव्हिड फॉरेस्ट आणि रॉबर्ट सिमन्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये इंग्लंडच्या खालच्या विभागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मधल्या वारी टीव्हीवर चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा असेल, तर त्या रात्री खालच्या विभागांतल्या सामन्यांची गर्दी घटते, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे हीच जागा आयपीएलची आहे. मार्चअखेरीपासून रोज संध्याकाळी साडेसात म्हटलं की क्रिकेट. त्याच वेळी फुटबॉल ठेवून लोक का आले नाहीत, असं विचारणं बरोबर नाही.

७. एखाद्या संघाला सलग तीन सामने बाहेर आणि मग दोन लगोलग घरी, असं का देतात? एक घरी, एक बाहेर असं सरळ का होत नाही?

सगळ्यांसाठी तसं करणं गणितानं शक्यच नाही. २० संघ एकमेकांशी एकेकदा खेळणार असतील, तर त्या फेऱ्यांमध्ये कमीत कमी १८ वेळा कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला सलग दोन घरचे किंवा सलग दोन बाहेरचे सामने येतातच. संघांची संख्या विषम असली की आणखी एक गोष्ट वाढते : २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये १३ संघ होते, त्यामुळे प्रत्येक फेरीत एक संघ रिकामा. त्यात कोलकात्यासारखं एकच मोठं मैदान दोन क्लबांनी वापरायचं असेल, तर दोघांचे घरचे दिवसही टाळून बसवावे लागतात.

गर्दीच्या दृष्टीनं बघायचं ते एवढंच, की चार दिवसांत दोन घरचे सामने आले तर दुसऱ्याला लोक कमी येतात. खिसा एकच असतो. चौघांचं कुटुंब आठवड्यात दोनदा तिकीट, रिक्षा आणि भजी-वडापावचा खर्च करत नाही. आणि उलटं, महिनाभर घरचा सामनाच नसला तर सवय मोडते.

८. पोलीस बंदोबस्तामुळे सामना हलवतात, हे खरं की बहाणा?

खरं आहे. ११ जानेवारी २०२५ चा मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना कोलकात्याऐवजी गुवाहाटीत झाला, कारण गंगासागर मेळ्यामुळे पुरेसे पोलीस मिळत नव्हते. कोलकात्याची डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांची लढत, आणि तीच कोलकात्याबाहेर! ज्यांच्यासाठी ती खेळली जाते ते घरी बसले.

तारीख बघा आणि आपल्या गावाचा विचार करा. त्याच आठवड्यात सोलापुरात सिद्धरामेश्वरांची यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, १३ जानेवारीचा अक्षता सोहळा, होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा. त्या काळात इंदिरा गांधी स्टेडियमच्या आसपास गाडी लावायला जागा मिळत नाही, पोलीस तर सगळे यात्रेत. कार्तिकी आणि आषाढीला हेच पंढरपुरात. सोलापूर जिल्ह्यात कुठलीही मोठी स्पर्धा घेणाऱ्यानं आधी पंचांग उघडावं.

डर्बी भर दुपारी ठेवण्यामागेही इंग्लंडमध्ये बऱ्याचदा पोलीस असतात : लोकांना सकाळपासून दारू प्यायला वेळ मिळू नये म्हणून साडेबाराचा सामना.

९. सणासुदीला सामना ठेवावा की टाळावा?

सण घरात बसायचा आहे की बाहेर पडायचा, ते आधी बघावं. इंग्लंडमध्ये २६ डिसेंबरचा सामना बघायला लोक पिढ्यान्‌पिढ्या जातात. पाहुणे आलेले असतात, सुट्टी असते, सगळे मिळून मैदानावर. २४ डिसेंबरला मात्र कुणालाच नको असतो. २०२३ मध्ये वुल्व्हज-चेल्सी सामना त्या दिवशी ठेवला, तो १९९५ नंतरचा प्रीमियर लीगमधला पहिलाच, आणि पाठीराख्यांची नाराजी उघड होती.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला सामना नको, पण पाडवा-भाऊबीज उलटल्यावर माहेरवाशिणी आणि भाचेमंडळी गावात असताना चालेल. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेवर सामना आला, तर सोलापूरच्या फुटबॉलवेड्या पोरांपैकी मोठा हिस्सा आपण आपल्या हातानं बाहेर ठेवतो. शिवाय तेव्हा संध्याकाळनंतर सगळे विजापूर वेशीतल्या बाजारात. बारावी-दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, त्यावर वेगळं सांगायला नको.

१०. तारीख जाहीर करून नंतर बदलली तर किती नुकसान होतं?

वाईट वारापेक्षाही जास्त, असं आमचं ठाम मत आहे. सोमवारचा सामना दोन महिने आधी कळला, तर माणूस रजा टाकतो, रेल्वेचं आरक्षण करतो. रविवारचा सामना चार दिवस आधी शनिवारी आणला, तर आरक्षण वाया जातं आणि पुढच्या वेळी तो आधी आरक्षण करतच नाही.

जुलै २०२५ मध्ये तर इंडियन सुपर लीगच्या आयोजकांनी पुढचा अख्खा हंगामच स्थगित ठेवल्याचं क्लबांना कळवलं. हंगाम कधी, होणार की नाही, याचाच पत्ता नसताना सीझन तिकीट कोण घेणार? खेळाडूंचं नुकसान सगळ्यांना दिसलं. प्रेक्षकाची सवय तुटली ती कुणी मोजली नाही.

११. जाहीर केलेला आकडा आणि डोळ्यांना दिसणारी गर्दी यांत फरक का असतो?

अनेक क्लब विकलेल्या तिकिटांचा आकडा सांगतात. सीझन तिकीटवाला आला नाही, तरी तो मोजला जातो. म्हणून वेळापत्रकाचा परिणाम जाहीर आकड्यात कमी आणि रिकाम्या खुर्च्यांत जास्त दिसतो. तुलना करायची असेल तर फाटकातून आत गेलेल्यांचा आकडा मागावा.

१२. काहीही केलं तरी मैदान भरणारच, असा सामना असतो का?

असतो, पण क्वचित. १३ जुलै १९९७ ला फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर होते. ऐन पावसाळा, आणि सॉल्ट लेक स्टेडियमवर १,३१,७८१ लोक! तो रविवार होता हे खरं, पण त्या दिवशी कोणताही वार चालला असता. १९९४ चा अमेरिकेतला विश्वचषकही तसाच. युरोपातल्या प्रेक्षकांसाठी कित्येक सामने भर दुपारी, उन्हात खेळवले, अंतिम सामनाही दुपारी साडेबाराला. तरी सरासरी जवळपास ६९ हजार लोक आले.

वेळेच्या बाबतीतला आणखी एक वेगळाच अपवाद फार कमी जणांना माहीत असतो. जानेवारी १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये विजेची टंचाई होती, प्रकाशझोतातले सामने बंद. म्हणून ६ तारखेला पहिल्यांदाच एफए कपचे सामने रविवारी झाले. पण १७८० च्या एका कायद्यानुसार रविवारी प्रवेश शुल्क घेता येत नव्हतं. केंब्रिज युनायटेडनं प्रवेश फुकट ठेवला आणि आत जायचं तर सामन्याची पुस्तिका विकत घ्या, असं सांगितलं.

या उदाहरणांवरून गुणतक्त्याच्या मधल्या भागातल्या संघांच्या, साध्या लीग सामन्याचं वेळापत्रक ठरवू नका. हंगामातले बहुतेक सामने साधेच असतात.

१३. उद्या सोलापुरात व्यावसायिक सामना आला, तर कोणता दिवस आणि वेळ सांगाल?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, गड्ड्याचे दिवस वगळून. रविवार, संध्याकाळी साडेचार. सामना साडेसहाच्या आत संपतो. अक्कलकोट, बार्शी, मोहोळहून आलेल्याला एसटी मिळते आणि मुलं रात्रीच्या जेवणाला घरी. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने दुपारी-संध्याकाळी उजेडात होतात आणि पेठाच्या पेठा लोटतात. ते मैदान या भागातल्या फुटबॉलचा सगळ्यात चांगला धडा आहे.

एक गोष्ट बाहेरच्या आयोजकाला सुचणार नाही : सोलापुरात कित्येक भागांत पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं. ज्या संध्याकाळी नळाला पाणी, त्या संध्याकाळी घरातलं निदान एक माणूस जागचं हलत नाही, आणि बहुतेक वेळा ती बाई असते.

१४. रविवारी साडेचारला ठेवला, तर यंत्रमागावरच्या दिवसपाळीच्या लोकांनी आणि दुकानदारांनी काय करायचं? त्यांनी कधीच बघायचा नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला आणि तो बरोबर आहे. ज्यांची सुट्टी रविवारी नाही, त्यांना प्रश्न १३ मधलं उत्तर बाहेर ठेवतं. म्हणून हंगामात दहा घरचे सामने असतील, तर सात रविवारी साडेचारला ठेवावेत आणि तीन मधल्या वारी रात्री आठला, पाळी सुटून माणूस हातपाय धुऊन येईल अशा बेतानं. त्या तीन तारखा हंगाम सुरू व्हायच्या आधीच ठरवून, छापून, कारखान्यांच्या फाटकांवर आणि बाजारात लावाव्यात, म्हणजे पाळी अदलाबदल करायला लोकांना वेळ मिळेल. आणि त्या रात्री सामना संपल्यावर कुंभारीकडे आणि अक्कलकोट रोडकडे जाणारी एक-एक बस स्टेडियमबाहेर उभी ठेवावी.